हातचा एक

रविवारी दुपारी दांडिया बाजार जरा पेंगतो तेव्हा
मी खिडकी लावून घेते, पंखा बंद करते,
फ्रिजचं बटणसुद्धा.
भाचा सांगून गेलाय, मावशी, लाल ठिपका दिसला
की समज, पडदा ऐकतोय.
तीन, दोन, एक.

इयत्ता तिसरी. वद्दीवाळा सरवाळा.
पांढऱ्यावर सत्तेचाळीस, त्याखाली अडतीस.
बाण आता माझं बोट.
त्याला खडू लागत नाही, ते साडीला पुसावं लागत नाही.
सात ने आठ, पंदर. पांचडो नीचे.

फुकटातलं ॲप पाच मिनिटांनी आपोआप थांबतं
आणि बेरजेच्या छातीवर आडवं स्वतःचं नाव छापतं.
पाच मिनिटांत तीन गणितं बसवायची
म्हणजे खोकलाही हिशेबात धरायचा.
पहिल्या खेपेला शेजारणीचा कुकर.
दुसऱ्या खेपेला माइकच चालू नव्हता,
साडेचार मिनिटं बाण एकटाच भिरभिरत होता
काचेवरच्या माशीसारखा.
तिसऱ्यांदा वरच्या कोपऱ्यातून यांचा मेसेज घसरत आला,
गॅसचा बाटला आलाय, पैसे कुठे ठेवलेस?
तोही धड्यात आला.

चौथ्यांदा जमलं. हेडफोन लावून ऐकत बसले.
तर गुजरातीच्या खाली, पार तळाशी,
दुसरं कुणीतरी बोलत होतं.
सात आणि आठ पंधरा. पंधराचे पाच.
हातचा एक.

पुटपुटणं. माझंच.
एकोणतीस वर्षं फळ्याकडे तोंड करून
मी हे म्हणत आले असणार.
मागच्यांना ऐकू जायचं नाही.
मलाही नाही.

संध्याकाळी ओजसने एक पट्टी दाखवली, सरकवायची,
नको ते आवाज काढून टाकणारी.
सरकवली.
रिक्षा गेली, कबुतरं गेली,
पंखा नव्हताच, तोही गेला,
आणि हातचा एक गेला.
यंत्राचा साधा हिशेब. मोठा आवाज म्हणजे बाई,
बारीक आवाज म्हणजे घरातली घरघर.
उरली दीड सेकंदाची पोकळी.
तिच्यात बाई नुसती श्वास घेते
आणि दशकाच्या डोक्यावर एक उगवतो,
कुठून आला ते कळत नाही.

वद्दी हा शब्द वाईट नाही. रोज शिकवते मी तो.
पण तो दप्तरात राहणारा शब्द.
हातच्याला करंगळीत दुमडून धरावं लागतं,
सुटला की उत्तर नेमकं दहाने चुकतं.

सोमवारी घाईत पालकांना कुठली फाइल गेली,
पाहिलं नाही.

गुरुवारी हेतवी सोलंकी फळ्याशी.
छप्पन्न आणि सत्तावीस.
तिने तीन लिहिला. थांबली. करंगळी दुमडली.
आणि फळ्यालाच सांगितल्यासारखं म्हणाली,
हातचो एक.
ओकार लावून, आपल्या घरचा करून.
वर्गात कुणी हसलं नाही.
मागच्या बाकावरच्या ध्रुमिलने तर मान डोलावली.
मग तीच वळली, बेन, हातचो एटले?

जे लिहायचं नाही पण सोडायचंही नाही, ते,
असं काहीतरी मी म्हणायला हवं होतं.
म्हणाले, वद्दी. बराबर छे. बेसी जा.

आज पुन्हा रविवार. धडा वजाबाकीचा.
त्रेसष्टातून अठ्ठावीस. तिनातून आठ जात नाहीत,
शेजारच्या घरून एक दशक उसना आणायचा.
शेजारणीला सांगून ठेवलंय, कुकर चारनंतर लाव.
पट्टी मधोमध ठेवलीय.
कबुतरं थोडी येतील, येऊ देत.
लाल ठिपका.
तीन, दोन,