ग्वार्दा

पेलोतासमध्ये जूनची ओल भिंतीतून वर चढते,
कागद मऊ पडतात,
शिक्का नीट उमटत नाही.
शपथबद्ध भाषांतरकार झुल्मीरा बितेंकूर
बोस्टनच्या कोर्टाचा हुकूम उलगडून बसली आहे.
शिमारावचा तुंबा कधीचा निवलाय.

कस्टडी.
चोर सापडला की हाच शब्द, ती म्हणते,
आणि सात वर्षांची ब्रीजिदा
सुट्टीत कुणाकडे झोपणार, त्यालाही हाच.
इंग्रजीला दोन परवडले नसतील.

ती लिहिते: ग्वार्दा.
राखण.
इथे छत्रीच्या नावात तो आहे,
कपड्यांच्या कपाटाच्या,
बँकेच्या दारात पेंगणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्याही.

मी बाकावर, माझा विवाहाचा दाखला मांडीवर.
आमचा शब्द मनात आला आणि तिथेच अडला: ताबा.
बांधावरून भांडताना,
गाळ्याला कुलूप ठोकताना,
सातबाऱ्यावर.
लेकराला तो लावताना जीभ कचरते,
तरी लावतात.

इव्होनेती आली, लेकीला घेऊन.
उभ्याउभ्याच वाचलं. बोट एका ओळीवर थांबलं.
"म्हणजे मला मिळाली?"
"दोघांना."
ती काही बोलली नाही,
फक्त पैसे दोनदा मोजले.

शिक्का तिसऱ्यांदा फिकटच उठला.
ब्रीजिदाने ओणवं होऊन त्यावर फुंकर घातली,
गरम घासावर घालतात तशी,
आणि ओली छत्री
खोलीतच उघडली.
कुणी रागावलं नाही.

झुल्मीराने चष्मा पुसला.
माझ्याकडे हात केला.
"तुमचं काय?"