तीस मिनिटांची ओळख

पतसंस्थेचं यंत्र एकच होतं तोवर
सगळं त्याच्याच डोक्यात राहायचं:
कोण आत आलंय, कुठल्या पानावर थांबलंय,
मराठीत वाचतंय की कन्नडमध्ये.
मग सभासद वाढले, येळ्ळूर, वडगाव, पार हुक्केरीपर्यंत.
दुसरं यंत्र घेतलं.
मंजुनाथनं दोघांना नद्यांची नावं दिली,
मार्कंडेय आणि घटप्रभा,
आणि फोन वाजायला लागले.

लॉगिन व्हायचं मार्कंडेयवर,
पुढच्या क्लिकला माणूस घटप्रभेच्या दारात,
आणि घटप्रभा विचारायची, आपण कोण?
पासवर्ड परत. ओटीपी परत.
भाषा निवडा, परत.
वडगावच्या शांतव्वा कामकर फोनवर कावल्या,
मागे माग खडखडत होता:
"आत्ताच सांगिटलं की! परत कशाला इचारूलाय?"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय.
दाखल्यावर भावकाण्णा, रेशन कार्डावर बावकण्णा;
प्रत्येक खिडकीला माझे वडील
नव्यानं जन्मायचे.
म्हणून एक निळी कॅरीबॅग,
तिच्यात सगळे कागद, कागदांच्या झेरॉक्स,
झेरॉक्सवर शिक्के.
बँकेत जाताना ती, लग्नाला जातानाही ती.

मंजुनाथ म्हणाला, सोपं आहे,
ज्याचं त्याच्या कुकीत बांधून देऊ सगळं,
फिरू दे घेऊन.
मी नको म्हणालो.
जरा मोठ्यानंच म्हणालो बहुतेक.
माणसाच्या हातात फक्त टोकन द्यायचं.
बाकीचं लक्षात ठेवणं आपलं काम.

शुक्रवारी रात्री, तिसऱ्या गेटाजवळच्या ऑफिसात,
दोन्ही यंत्रांना एकच टेबल दाखवलं.
टोकन, कोण, काय काय, कधी संपणार.
मंजुनाथ म्हणाला, नाव गोकाक ठेव,
दोन्ही नद्या तिकडंच भेटतात.
म्हटलं, तिथं सगळं खाली पडतं रे.
हसलो. नाव साधंच ठेवलं.

दोन वाजता मार्कंडेय मुद्दाम बंद केलं.
माझं पान जागचं हललं नाही.
घटप्रभेनं काही विचारलं नाही.
गिरमिट मऊ पडलं होतं, तेच खाल्लं.

मग टेबलात एक ओळ दिसली, माझी नव्हे.
शांतव्वा कामकर. भाषा कन्नड.
दोन मिनिटांनी मराठी. परत कन्नड.
कर्ज कशासाठी: मागाची मोटर.
रक्कम: काही नाही.
शेवटची हालचाल एक बावन्न. संपणार दोन बावीस.

दुसऱ्याचं अर्धं वाक्य
दाराआडून ऐकल्यासारखं वाटलं.
मुदत वाढवायला एक ओळ पुरली असती.
नाही वाढवली.
रात्रपाळीचा माग, चार्जिंगला लावलेला फोन,
कुणाच्याही हातात असेल आता तो.
विसरणं हेही यंत्राचं काम आहे,
आणि आमचं यंत्र पहिल्यांदाच ते वेळेवर करणार होतं.

पण मागाची मोटर?
वीस मिनिटांत दुसरं टेबल केलं, घाईत, थोडं वाकडंच,
अर्धवट अर्जांचं, मुदत नसलेलं.
मंजुनाथ शेजारी उभा राहून स्पेलिंग दाखवत होता.
ओळख जाऊ दे तीस मिनिटांनी.
सांगितलेलं जायला नको.

दोन बावीसला काहीच दिसलं नाही.
अडीचला झाडू फिरला, एक ओळ कमी झाली.

शनिवारी दहा वाजता त्या परत आल्या,
या खेपेला मार्कंडेयवर.
पासवर्ड विचारला. तेवढं चालतं.
आत मोटर तशीच होती,
रकमेचा रकाना रिकामा,
कर्सर त्यातच.