पालाश, अणुअंक एकोणीस

सावद्याच्या बसस्टँडमागं, कृषी केंद्राच्या गोदामात
माझी शिकवणी भरते.
पहिली रांग युरियावर बसते, शेवटची पोटॅशवर.
एप्रिल महिना, त्रेचाळीस अंश,
कूलर पाण्यापेक्षा आवाजच जास्त फेकतो.

फळ्यावर लिहितो: सोडिअम, अकरा.
के मध्ये दोन, एल मध्ये आठ,
उरला एक, तो एम मध्ये.
"शेवटचा आकडा बघा. आतले दहा घरातच बसतात,
व्यवहाराला दारात येतो तो हा एकटा.
हाच संयुजा इलेक्ट्रॉन. पेपरात गोल करा त्याला."

"क्लोरीन, सतरा."
भारंब्यांचा हर्षल मोजतो: दोन, आठ, सात.
"मग संयुजा?"
"सात."
खडू मोडतो माझ्या हातात.
"अरे, सात आहेत, आठ व्हायला एक हवा.
सात वाटत फिरशील की एक मागशील?
तुझा बाप केळीचा व्यापार करतो, तू सांग."
"मागीन."
"मग संयुजा एक. आणि संयुजा इलेक्ट्रॉन सातच.
दोन प्रश्न आहेत हे, दोन."
गोदाम हसतं. हर्षलही.

हुरमत तडवी हसत नाही.
ती पालची, सातपुड्यातली, इथं वसतिगृहात राहते,
बोलायच्या आधी पेनाचं टोपण लावते.
"सर, के तं पहिल्या कवचाचं नाव ना?
मंग माह्या गोणीवर के कशाले?"
तो वेगळा, म्हणालो. ती पालाशची संज्ञा.
केळीच्या बुडाशी टाकतात तो. अणुअंक एकोणीस. मांड.

तिनं मांडलं: दोन, आठ, नऊ.
मी लाल पेन काढलं.
"चुकलं कुठी? एममधी अठरा मावता.
तुम्हीच लिव्हलं व्हतं, सोमवारी."
"बाह्यतम कक्षेत आठापेक्षा जास्त नाही."
"पन जागा हाये ना तठी?"
"नियम आहे."
बावीस वर्षं हा शब्द मी असाच वापरत आलो,
गोदामाचं शटर ओढावं तसा.
तिनं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

मग सांगून टाकलं, नववीला नसलेलं.
की चौथ्या कवचाची पहिली खोली
तिसऱ्याच्या उरलेल्या खोल्यांपेक्षा
ऊर्जेनं थोडी खालीच पडते.
एकोणिसावा तिथं जातो. दोन, आठ, आठ, एक.
"म्हंजे जागा लांबची, पन चढ कमी,"
ती म्हणाली. "आमच्या घाटाले असंच हाये."

मला उपमेचा मोह झाला.
गोदामामागं केळीचं तोडलेलं खोड पडलं होतं,
सोपटावर सोपट, आत गाभा.
बघा, म्हटलं, अणूसुद्धा असाच...
हर्षल म्हणाला, सर, सोपटं तर मोजलेली नसतात.
आणि ती बाहेरून वाळतात, देत घेत काही नाहीत.
बरोबर होतं. खोड तिथंच राहू दिलं.

जाताना हुरमतनं गोणीच्या शिवणीतून सांडलेले
गुलाबीसर खडे तळहातावर घेतले.
"यात तो एक कुठी हाये मंग?"
"यात नाही. क्लोरीननं घेतला.
पालाशकडं आता दोन, आठ, आठ; क्लोरीनकडंही तेच.
दोघंही शांत."
"मी रोज बसती ते देनंघेनं झाल्यावर,"
म्हणाली, आणि खडे परत शिवणीत कोंबले, एकही न सांडता.

ती गोणी दुसऱ्या दिवशी रोझोद्याला गेली.
हुरमत सुपर फॉस्फेटवर सरकली,
गोणीवरची अक्षरं वाचली, मला विचारलं,
"फॉस्फरस किती, सर?"
पंधरा, म्हणालो, आणि खडू खाली ठेवला.
ओठ हलले तिचे. दोन. आठ.
मग कूलरच्या आवाजात
तिनं नुसता पंजा वर केला.