माहितीस्तव

खुर्ची ओढ, मुनाफ. मजकूर वाचायची घाई नको.
डावीकडून ये. आधी साल, त्याला चिकटून दिवस:
त्र्याण्णव, टिंब, दोनशे चौदा.
इथे महिने नसतात, सणवार नसतात,
वर्षाचा दोनशे चौदावा दिवस, बस्स.
(रजेला किती उरले ते मोजायला सोपं पडतं. कळेल तुला.)

मग वेळ, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत.
मग जॉबचं नाव, आठ अक्षरांत मावेल तेवढं.
मग मेसेजचा नंबर, आणि नंबराच्या शेपटीला एक अक्षर.
त्या एका अक्षराचा पगार मिळतो आपल्याला.

ए म्हणजे ऊठ. टेप लाव, कागद भर, काहीतरी कर.
डी म्हणजे ठरव.
तो मेसेज वर सरकत नाही.
बाकीचा लॉग त्याच्या डोक्यावरून वाहून जातो
आणि तो पडद्याच्या तळाशी
बसून राहतो, उत्तर मिळेपर्यंत.
माझ्या घरी असा एक आहे:
‘पुढच्या वर्षी नक्की ना?’
सहा वर्षं झाली.

आय म्हणजे माहितीस्तव.
सरकारी फायलीवर लिहितात तसं. वाचा, सोडून द्या.

ही तीनशे बेचाळीस नंबरची डिस्क बघ.
रोज रात्री अडखळते, पुन्हा वाचते, जमतं.
तरी दोन्ही लिहून ठेवते: अडखळले. सावरले.
माणसं दुसरंच तेवढं सांगतात.
अब्बांचं ऑपरेशन मला
‘आता बरे आहेत’ एवढ्यातच कळलं.
एका रात्रीत दहा वेळा अडखळली तर जोसेलितोला फोन लाव,
पण एसी गेला असेल तर आधी एसीवाल्याला.
मनामात रात्री दोनलाही चौतीस असतं.

आता हा कागद. ड्रॉवरमध्ये ठेवायचा नसतो, मी ठेवलाय.
हिद्दच्या गोदीचा पगार.
जॉब संपला, कोड चार.
चार म्हणजे नुसती कुरकुर, कुणी बघत नाही.
त्या रात्री प्रिंटर अडकला होता, म्हणून मी बघितलं:
‘तास मर्यादेबाहेर. ४५१.४.’
म्हटलं, कोण हा ओव्हरटाइमचा भुकेला?
नावाला वीस रकाने.
बोड्डुपल्ली सत्यनारा.
पुढचं कापलेलं.

गोदीतून आलेली मूळ नोंद उघडली.
तासांच्या चार रकान्यांत आकडे नव्हतेच.
कुणीतरी इंग्रजीत टाइप केलं होतं:
डी, ई, ए, डी.
दुसरीकडे कुठे जागाच नव्हती लिहायला.

मशीन अशा वेळी अडत नाही, मुनाफ.
अक्षराचा वरचा अर्धा भाग फेकून देतं,
खालचा आकडा ठेवतं.
डी चार. ई पाच. ए एक. डी परत चार.
शेवटच्या घरात एक दशांश धरला
की झाले चारशे एक्कावन्न तास, वर चोवीस मिनिटं.
बेरीज चुकली नाही कुठे.

पाचला फाइल बँकेत जायची.
पडद्याच्या तळाशी सात नंबरचा प्रश्न बसलेला:
पाठवू की थांबवू?
गोदीत फोन केला. टाइमकीपर झोपेत म्हणाला,
एकोणीस तारखेपर्यंत होता, क्रेनवर, बाकी सकाळी विचारा.
मी खिडकीशी गेलो. इथे खिडकी नाही,
ते जुनं कॅलेंडर आहे ना, तिथे.
परत आलो आणि सातला उत्तर दिलं:
पाठव.

चूक होती. अजून म्हणतो, चूक होती.
ते पैसे कुठल्या हातात पडले मला ठाऊक नाही.
कुणी विचारायला आलं नाही,
मीही सांगायला गेलो नाही.

उत्तराचीसुद्धा ओळ पडते लॉगमध्ये. ही बघ.
सातचे उत्तर: पाठव.
वेळ, नंबर, सगळं जागच्या जागी.
शेपटीला कुठलं अक्षर आहे, वाच.

हं.

तो बघ, ए आला. ऊठ.