घंटागाडी येईपर्यंत

मेडिकलच्या लॅबमधून सुटून सहाला घरी येतो.
रात्रभर नळ्यांवर लोकांची नावं चिकटवलेली बोटं
साबणानं दोनदा धुतो
आणि कंट्रोलर हातात घेतो.
आई म्हणते, झोप ना बे आता.
झोपतो, म्हणतो. एक दार फक्त.

दार म्हणजे सातव्या मोहिमेतलं.
कुठल्याशा कडीवाल्या ग्रहाचा चंद्र,
त्यावर गोठलेली खाण, खाणीत चार हातांचे ते.
त्यांचं रक्त जांभळं.
जमिनीवर सांडतं आणि दोन मिनिटांत आपोआप नाहीसं होतं.
गट नाही, नमुना नाही,
काचेवर टकटक करत रिपोर्ट मागणारा जावई नाही.
बाहेर मे. सातलाच ऊन गच्चीच्या कठड्यावर बसलेलं,
कूलरची मोटर घरघरते,
आणि मी उणे दोनशे अंशांत
गुडघाभर बर्फातून चालत राहतो.

सार्जंट दोव्हार दर वेळी त्या दाराशी मरतो.
मी पुढे गेलो तरी, मागे राहिलो तरी,
सोप्यावर खेळलो तरी, सर्वांत कठीणवर तरी.
एकदा मी दार उघडलंच नाही.
चहा प्यालो, आंघोळ केली, दूध आणलं,
परत आलो तर दोव्हार तसाच पाठ टेकून,
"तू म्हणशील तेव्हा."
आणि पलीकडे ते, चारी हात खाली सोडून,
न हलता, माझी वाट पाहत असणार.
अख्खं युद्ध माझ्यासाठी खोळंबलेलं.
मला तर मानेवाड्याची बससुद्धा थांबत नाही.

ऑनलाइन मात्र कोणी कोणासाठी थांबत नाही.
बारा जण, एक मोडकं अवकाशस्थानक.
जन्मायचं, धावायचं, मरायचं,
पाच सेकंदांनी पुन्हा जन्मायचं,
तेही ज्यानं मारलं त्याच्याच पुढ्यात.
नावं अशी: कडकनाथ, तर्री मारके, मौत_४४०,
आणि एक 'निवांत'.
निवांत शीतकाच्या टाकीवर बसतो
लांब नळीची बंदूक घेऊन, आणि मलाच टिपतो.
एका सकाळी अकरा वेळा.
होत्या नव्हत्या तेवढ्या शिव्या दिल्या,
आईला ऐकू जाणार नाहीत अशा बेतानं.
माईक चालू होता त्याचा.
तिकडून फक्त कसल्याशा पात्याचा खरखराट.

परवा हेडफोनमध्ये घंटागाडी वाजली.
ओला कचरा, सुका कचरा,
आणि तो बिघडलेला स्पीकर, दर वेळी
'सह सह सहकार्य'वर अडकणारा.
सवयीनं उठलो. डबा घेतला. खिडकीतून पाहिलं.
गल्ली रिकामी. टँकरची ओल, ओलीवर पसरलेलं कुत्रं.
हेडफोन काढला, काही नाही.
घातला, सह सह.
चार मिनिटांनी तेच अडकणं
माझ्या खिडकीखाली येऊन उभं राहिलं.

गाडी वरच्या अंगानं उतरते.
चार मिनिटं म्हणजे दोन गल्ल्या. फार तर तीन.

मग मी माणसं पाहू लागलो.
हेडाऊ टेलर, ज्याचा दोरा पहिल्या फटक्यात सुईत जातो.
लिमजे सर, पोस्टातून रिटायर,
जिना चढताना पायरी वाजत नाही त्यांची.
परातेंची तेजल, डॉक्टरकीच्या परीक्षेला बसलेली,
तिच्या खोलीची खिडकी दोन वर्षं बंद.
किराणा दुकानात सुटे पैसे घेताना
मी प्रत्येकाचा अंगठा पाहतो.

आज पहिल्यांदा टाकीच्या मागून चढलो.
निवांतची पाठ समोर. नेम लागलेला.
दाबलं नाही.
मायकात म्हटलं, "मानेवाडा?"
पातं खरखरत राहिलं.
मग तो वळला, सावकाश,
जसं कोणी ओट्यावरून मान वळवून पाहतं,
आणि मला मारलं.
पाच सेकंदांच्या त्या काळ्यात
आवाज आला, म्हाताऱ्या माणसाचा की पोरीचा,
कूलरपायी काही उमजलं नाही:
"गाडी निघाली इथून. डबा ठेवा."

डबा रिकामा करून वर आलो
तर तेवढ्यात तीनदा मारून ठेवलेलं.

कोणाशी बोलून राहिला होता बे, आईनं विचारलं.
शेजारी आहेत, म्हटलं.