चोपण

बेसा रोडवरच्या आमच्या सोसायटीत
फाटकापासून पंपघरापर्यंत बारा बहावे लावले होते.
तिसऱ्या वर्षी पानांच्या कडा करपल्या,
कुणी दिव्यावर धरून काढल्यासारख्या.
सगळे म्हणाले, ऊन.
नागपुरात ऊन म्हटलं की चौकशी संपते.

दयाराम नेवारे तेवढा आळ्याशी उकिडवा बसला.
"उनानं असं नाही जळत, मॅडम.
हे कडेनं आत जळून राह्यलं."
पांढरा थर नखानं खरवडला, जिभेला लावला,
थुंकला,
आणि पंपघराकडे पाहत राहिला.

पंपघरात पाणी मऊ करायचं यंत्र आहे.
बोअरचं पाणी जड. नळांना चुना धरायचा,
डाळ शिजायची नाही,
तिसऱ्या मजल्यावरच्या ढोबळेबाईंचे केस गळायचे.
ठराव मीच लिहिला होता.
आठवड्याला मिठाची गोणी यंत्राच्या पोटात,
आणि यंत्र धुऊन निघालेलं पाणी
पाइपानं थेट झाडांना.
'वाया जाऊ नये म्हणून'
हे ठरावातलं वाक्यही माझंच.

एकतीस वर्षं नववीला शिकवलं मी:
सोडियमला एक हात, कॅल्शियमला दोन.
दोन हातांचा असला की मातीचे कण धरून ठेवतो,
मधून वाट राहते, पाण्याला, हवेला, मुळाला.
त्याच्या जागी एका हाताचा येऊन बसला
की सगळं सुटतं.
ओली झाली की लोणी, वाळली की फरशी.
समीकरण मला तोंडपाठ होतं.
मातीचं नाव दयारामनं सांगितलं.
"चोपण झाली, मॅडम."

यंत्र करत होतं त्याच्या नेमकं उलट
आता आळ्यात करायचं होतं.
जिप्सम आलं, सहा गोण्या,
रांगोळीसारखं बोटांना लागणारं.
मला वाटलं, झालं. टाकलं की झालं.
"जागा सोडली म्हणजे घर सोडलं का?" दयाराम म्हणाला.
"मिठाले दारापर्यंत पोचवून द्या लागते."

म्हणून चर खणला, तळाशी गिट्टी,
पाइप नाल्याकडे वळवला,
आणि मागवला गोड पाण्याचा टँकर,
ज्याच्यापायी सभेत दीड तास गेला.
"झाडांसाठी टँकर?" ढोबळेबाईंनी विचारलं.
त्यांचे केस आता छान आहेत.
मी ते बोलले नाही.

तीन बहावे गेलेच. त्यांचे खुंट अजून आहेत.
बाकीच्यांचं आत्ताच काही सांगता येत नाही,
पंपघराजवळच्याला एक तांबूस पालवी आहे,
पण दयाराम म्हणतो, तिले पाहू नका, लाजते.

टँकरच्या दुसऱ्या दिवशी पहाटे
चराच्या तोंडाशी पाणी झिरपलेलं दिसलं.
वॉचमन झोपला होता.
मी बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं.

खारट.
चांगलं कडक खारट.
तशीच उभी राहिले बराच वेळ,
थुंकले नाही.