रकाना चौदा

गेल्या वर्षी आमचा विभाग देशात सत्ताविसावा होता,
यंदा एकसष्टावा.
मधल्या काळात आम्ही कुठेही गेलो नव्हतो.
गणेशखिंडीच्या वडांमागे तीच इमारत,
तोच पंखा, तीच कुरकुर,
चार वाजता तोच आलं जास्त झालेला चहा.

सकाळी कुलसचिवांचं पत्र : खुलासा करावा.
म्हणजे मीच करावा.
आकडे मी भरले होते, मार्चअखेर,
उजव्या डोळ्याला रांजणवाडी असताना.

दोन्ही तक्ते शेजारी ठेवले.
शिक्षक : नऊ होते, सहा झाले.
देवस्थळी मॅडम निवृत्त. काळदाते सर निवृत्त.
पाळंदे सर, तेही एका अर्थी निवृत्तच,
त्यांची छत्री अजून कपाटामागे आहे.
जागा भरायची फाईल मंत्रालयातून दोनदा परत आली,
एकदा तर चुकून दुसऱ्याच विभागाची.
लौकिक : शंभरपैकी तीन पूर्णांक दोन.
तो कुणी मोजला, कुठे उभं राहून,
हे लिहिलेलं नाही.

'पहिल्या तिसांत!' म्हणणारा फ्लेक्स
गेटवर दोन महिने हसत होता.
आता मारुती कोंढाळकरने तो पालथा करून
फुटक्या काचघरावर अंथरलाय.
खालून वर पाहिलं की पाहुण्यांचे चेहरे
उन्हात मागून उजळतात,
आणि नेचे, खरं सांगतो, जोमात आहेत.

काचघरामागे भिंतीशी तरन्नुम तांबोळी.
मंचरची. पीएच.डी.चं पाचवं वर्ष.
दगडफूल मोजते ती,
आपण गोड्या मसाल्यात घालतो
त्याचंच कुणी भाऊबंद.
गुडघ्यावर बसून, श्वास आवरून, पट्टी लावते.
"किती वाढलं गं?"
"आल्यापासून चार मिलिमीटर, काका.
पण त्या कोपऱ्यातलं गेलं.
रंग दिला ना भिंतीला,
समिती यायची होती म्हणून."

टेबलाशी परतलो.
रकाना चौदा : प्रसिद्ध शोधनिबंध.
तिच्या नावापुढे शून्य होतं, माझ्याच हातचं,
आधी कागदावर, मग संगणकात.
कागदावरचं जरा जास्तच गोल आलेलं.

खुलाशात लिहिलं : पदे रिक्त असल्याने.
पुढे रंगाबद्दल एक ओळ लिहिली,
ती कुठल्या नियमाखाली बसते कळेना,
तरी ठेवली. सही केली.

उद्यापासून स्कूटर
पोस्टाजवळ लावीन म्हणतो.
त्या भिंतीला धूर सोसत नाही, असं ती म्हणाली.